यादीत नाव होतं

(2 ऑगस्टच्या निमित्तानं सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी. बाहेर आभाळ भरून आलंय, पण त्यावर विसंबून छत्री काढणारा सोलापूरकर मी अजून पाहिलेला नाही. तेव्हा निवांत बसा. पडद्यावर जो फोटो दिसतोय तो मी बोलेन तोवर तसाच राहणार आहे. प्रोजेक्टरवाल्या दादांनी मघाशी दोनदा विचारलं, "मॅडम, पुढची स्लाइड?" पुढची स्लाइड नाहीच.

मालगाडीचा लाकडी डबा आहे. सरकतं दार वीतभर उघडं राहिलंय आणि त्या फटीत एक मुलगी उभी आहे. डोक्याला पांढरं फडकं घट्ट गुंडाळलेलं. ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, तिची नजर बाजूला कुठेतरी आहे. फलाटावरून चाललेल्या कुत्र्याकडे असेल, सैनिकांकडे असेल. मूळचं हे चित्रीकरण आहे आणि ती त्यात जेमतेम सात सेकंद दिसते. मग दार बंद होतं.

तारीख 19 मे 1944, वार शुक्रवार. जागा वेस्टरबोर्क. नेदरलँड्समधली ही छावणी. तिथून ज्यूंना भरून पूर्वेकडे गाड्या जायच्या. छावणीच्या जर्मन कमांडंटला आपल्या छावणीवर फिल्म काढून हवी होती, म्हणून कॅमेरा दिला होता रुडॉल्फ ब्रेस्लाउअर नावाच्या एका ज्यू कैद्याच्या हातात. पुढे त्याचीही रवानगी झाली आणि तोही परतला नाही. फिल्म मात्र राहिली. युद्धानंतर ज्यूंच्या संहारावर जे काही निघालं, माहितीपट म्हणा, पुस्तकं म्हणा, प्रदर्शनं म्हणा, त्यात ही मुलगी दिसायचीच. सगळे तिला 'फडकं बांधलेली मुलगी' म्हणायचे. ज्यू मुलगी. नाव अज्ञात. जवळजवळ पन्नास वर्षं ती अशी बिननावाची उभी होती.

1992 च्या अखेरीस आड वाखेनार नावाच्या एका डच पत्रकारानं ठरवलं की हिचं नाव शोधायचं. सव्वा वर्षानं सापडलं. तिचं नाव सेट्टेला स्टाइनबाख. वय नऊ वर्षं. आणि ती ज्यू नव्हती. सिंती होती.

नाव कसं सापडलं ते मी शेवटी सांगणार आहे. आधी मला दुसरंच काही सांगायचंय. या मुलीचं नाव जगाला माहीत नव्हतं, पण सरकारला अगदी अचूक माहीत होतं. आईचं, भावंडांचं, मावशीचं, सगळ्यांची नावं कुठल्या ना कुठल्या यादीत टाइप केलेली होती. यादीत नाव होतं, आठवणीत नव्हतं. आज मी या यादीबद्दलच बोलणार आहे.

सिंती म्हणजे कोण, असा प्रश्न पहिल्या रांगेतून डोळ्यांनीच विचारला गेलाय. आपल्याला शब्द माहीत आहे 'जिप्सी'. आपल्याकडे तो कवितेत आला, गाडीच्या नावात आला, आणि आला तो मोकळा, मनस्वी, घरदार झुगारलेला असा. छान वाटतो ऐकायला. युरोपात हाच शब्द, जर्मनमध्ये 'त्सिगॉयनर', शिवीसारखा वापरला गेला. आउश्वित्झच्या नाझी मृत्युछावणीत या लोकांच्या हातावर नंबर गोंदला जायचा, आणि नंबराच्या आधी झेड हे अक्षर, त्सिगॉयनरचं. तेव्हा त्यांची स्वतःची नावं आपण घेऊ. जर्मनभाषक मुलखात सहाशे वर्षांपासून राहणारे ते सिंती. पूर्व आणि आग्नेय युरोपातून पसरलेले ते रोमा. आणि जे झालं त्यालाही त्यांच्या भाषेत शब्द आहे, समुदारिपेन. सगळ्यांना मारणं. आकडे काय सांगू? कमीत कमी 2 लाख, आणि 5 लाखांपर्यंतचे अंदाज आहेत. इतकी मोठी तफावत का, तर कित्येक ठिकाणी, विशेषतः पूर्वेकडे, गावाबाहेर नेऊन गोळ्या घातल्या आणि तिथे मोजायलाही कुणी नव्हतं.

त्यांच्या भाषेचा विषय निघालाच आहे तर दोन मिनिटं थांबते. मी आयुष्यभर जर्मन शिकवलं, पण रोमानी भाषेची शब्दावली पहिल्यांदा हातात आली तेव्हा मला आमची आजी आठवली. नाक म्हणजे नख. कान म्हणजे कान. पाणी म्हणजे पानी. माणूस म्हणजे मनुश. मिठाला लोन, लोणच्यातलं लोण ते. रात्र म्हणजे रात. वीसला बिश. मेलेला म्हणजे मुलो, आपला 'मेला'. आणि मला सगळ्यात आवडलेला शब्द खाम. खाम म्हणजे सूर्य. संस्कृत घर्म, म्हणजे ऊन. त्यांनी त्या शब्दात सूर्य ठेवला, आपण घाम ठेवला. सोलापुरात राहून हे वेगळं समजावून सांगायला नको. सात, आठ, नऊ हे आकडे मात्र ग्रीक आहेत, एफ्ता, ओख्तो, एन्या. वाटेत कुठे मुक्काम पडला ते भाषा विसरत नाही. ही भाषा भारतातली आहे हे जर्मनीतल्या हाले इथल्या योहान र्‍युडिगर या अभ्यासकानं 1782 मध्येच लिहून ठेवलं. रोम, म्हणजे रोमा माणूस, हा शब्द आपल्याकडच्या डोंब या शब्दाशी जोडतात आणि बहुतेक भाषाशास्त्रज्ञांना ते मान्य आहे. डोंब, डोंबारी. म्हणजे दोरीवर चालणारं ते पोर, थाळीत नाणं टाकून आपण पुढे जातो ते.

यावर आपल्याकडे टाळ्या पडतात, हे मला ठाऊक आहे. 'युरोपातले आपले बांधव' अशी भाषणं मी ऐकली आहेत. मला त्यात थोडी गंमत वाटते. हजार वर्षांपूर्वी गेलेले डोंब आपले बांधव, आणि इथे राहिलेल्यांना गावच्या स्मशानाअलीकडे यायला बंदी. असो.

आता यादी. ती हिटलरनं सुरू केली असं समजू नका. 1899 मध्ये म्युनिकच्या पोलिसांनी सिंती-रोमांची माहिती गोळा करायला एक खास कार्यालय उघडलं. आल्फ्रेड डिलमान हा त्याचा प्रमुख. 1905 मध्ये त्यानं एक पुस्तकच छापलं, तीन हजारांहून अधिक माणसांच्या नोंदींचं. नाव, वर्णन, नातेवाईक, काही फोटो, आणि ते पोलिस ठाण्यांमध्ये वाटलं. त्यातल्या बहुतेकांनी काय केलं होतं? विनापरवाना फिरले होते, कागद नव्हते, असले प्रकार. नंतर त्या फायलींत बोटांचे ठसे आले. बोटांचे ठसे वर्गवारी करून ठेवायची पद्धत कुठून आली? कलकत्त्याहून. 1897 मध्ये तिथे ठशांचं ब्यूरो सुरू झालं आणि ती पद्धत लंडनमार्गे युरोपभर गेली. माणसाला जन्मानं गुन्हेगार समजायचं आणि त्याचा हात शाईत बुडवायचा, या दोन गोष्टींची गाठ आपल्या देशात घट्ट बसली होती. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला.

आणि या गावात तर मी 'सेटलमेंट' हा शब्द उच्चारला की झालं. या जमातींना डांबून ठेवायची वसाहत. तारेचं कुंपण, हजेरी, गिरणीत काम, बाहेर जायला पास. कायदा 1952 मध्ये गेला. मी शाळेत गेले त्यानंतर कितीतरी वर्षांनी. आमच्या वर्गात सेटलमेंटमधली एक मुलगी होती. वर्गात कुणाचं काही हरवलं, कंपासपेटी, डब्याचं झाकण, काहीही, की बाई दप्तरं तपासायच्या आणि पहिलं दप्तर तिचं. बाई काही दुष्ट नव्हत्या. उलट जीव लावणाऱ्या होत्या, तिला स्वतःच्या पैशानं वह्या घेऊन द्यायच्या. पण पहिलं दप्तर तिचं. दुसरी-तिसरीनंतर असं व्हायला लागलं की "माझं पेन हरवलं" असं कुणी म्हणायचा अवकाश, ती आपणहून उठायची, दप्तर उचलायची, बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवायची आणि पुन्हा जागेवर येऊन बसायची. कुणी काही विचारायच्या आत. तिच्या शेजारी मी बसायचे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तेव्हा मला ते तिचं शहाणपण वाटलं होतं.

जर्मनीत परत जाऊ. 1935 च्या न्यूरेंबर्ग कायद्यांत शब्द ज्यूंचा होता, पण काही महिन्यांत सरकारी खुलाशानं सिंती-रोमाही त्यात आले. 1936 च्या जुलैत, ऑलिंपिकच्या तोंडावर, बर्लिनमधल्या सिंती-रोमांना पहाटे उठवून शहराबाहेर मार्झान इथे नेऊन टाकलं. पाहुणे यायचे होते ना. शेजारी दफनभूमी, पलीकडे मैलापाण्याची शेतं. आणि त्याच वर्षी बर्लिनमध्ये एक संशोधन संस्था सुरू झाली, डॉ. रोबर्ट रिटर यांची. वांशिक आरोग्यावर संशोधन करणारी. हा भाग मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण आपण शिकलेल्या माणसांनी मुख्यतः हाच लक्षात ठेवायचा आहे.

रिटरची माणसं वस्त्यांवर जायची, छावण्यांत जायची. डोक्याचा घेर मोजायची, डोळ्यांच्या रंगाचे नमुने लावून बघायची, रक्त घ्यायची. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या उघडून पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ काढायची. ज्यूंच्या बाबतीत आजी-आजोबांपर्यंत मोजत. इथे खापरपणजोबांच्या पिढीपर्यंत गेले. सोळांपैकी दोन सिंती निघाले की तुम्ही 'मिश्र'. आणि मिश्र म्हणजे सगळ्यात धोकादायक. कारण रिटरची अडचण अशी होती की ही माणसं मूळची भारतातली, भाषा आर्य कुळातली, म्हणजे त्यांच्याच सिद्धांतानं त्यांना आर्य म्हणायची वेळ आली असती. मग त्यानं तोडगा काढला. मूळचे ठीक होते हो, पण वाटेत बिघडले, नव्वद टक्के भेसळ झाली. शास्त्र म्हणून हे छापलं गेलं. सुमारे 24,000 माणसांवर या संस्थेनं लेखी अभिप्राय दिले. एकेका पानाचा, सहीशिक्क्याचा कागद. तो कागद ज्याच्या नावानं निघाला, त्याची गाडी ठरली.

रिटरची सहायक होती एव्हा युस्टिन. मूळची नर्स. तिला रोमानी भाषा येत होती. वस्तीत जाऊन ती त्यांच्याच भाषेत बोलायची, म्हणून लोक दार उघडायचे. केस लालसर, म्हणून तिचं नाव पाडलं होतं 'लोली चाय', लाल पोरगी. हे नाव माझ्या डोक्यातून जात नाही, कारण त्यात लळा आहे. तिला पीएच.डी. करायची होती. विषय असा की सिंती मुलांना जन्मापासून परक्या वातावरणात वाढवलं तर ती सुधारतात का. त्यासाठी मुलं हवीत. दक्षिण जर्मनीत मुल्फिंगन गावी एक कॅथलिक अनाथाश्रम होता. ज्यांच्या आईबापांना छावण्यांत धाडलं होतं अशी सिंती मुलं तिथे आणून ठेवली. तिनं त्यांना मणी ओवायला दिले, खेळ दिले, रंगीत फिल्म काढली. ती फिल्म आजही आहे. मुलं हसताहेत, शेतात धावताहेत, बाई त्यांच्यात वावरताहेत. प्रबंधाचा निष्कर्ष असा की सुधारत नाहीत, नसबंदी करावी. बर्लिन विद्यापीठानं पदवी दिली. अभ्यास संपेपर्यंत मुलांना हात लावला नव्हता. अभ्यास संपला. 9 मे 1944 रोजी मुलांना सांगितलं, सहलीला जायचंय. 39 मुलं आउश्वित्झला गेली. चार वाचली.

युद्धानंतर युस्टिन बाई फ्रँकफर्ट शहराच्या नोकरीत होत्या, मुलांच्या मानसशास्त्रज्ञ म्हणून. रिटरही तिथेच होता. युस्टिन बाईंची चौकशी झाली, 1960 मध्ये बंद झाली.

एक गोष्ट मात्र पटकन सांगून टाकते, कारण सगळे मुकाट्यानं गेले असं वाटायला नको. योहान ट्रोलमान, लाडाचं नाव रुकेली, सिंती मुष्टियोद्धा. 9 जून 1933 ला तो लाइट हेवीवेटचा जर्मन विजेता झाला. आठवड्याभरात किताब काढून घेतला. कारण काय, तर तो 'जर्मन' पद्धतीनं लढत नाही, पायांवर नाचतो. पुढच्या लढतीला सांगितलं, नाचायचं नाही, एका जागी उभं राहून लढ. जुलैत रुकेली रिंगमध्ये आला तो केस सोनेरी रंगवून आणि अंगभर पीठ फासून. घ्या तुमचा आर्य. आणि एका जागी उभा राहिला, मार खाल्ला, पाचव्या फेरीत पडला. 1944 मध्ये छावणीत त्याला मारलं. किताब परत दिला 2003 मध्ये, घरच्या माणसांच्या हातात.

नाझी पोलिसांचा प्रमुख हिमलर, त्याचा सिंती-रोमांना छावणीत धाडायचा आदेश निघाला 16 डिसेंबर 1942 ला, आणि फेब्रुवारी 1943 पासून गाड्या थेट आउश्वित्झ-बिर्केनाउला. त्याआधीही गाड्या होत्याच. मे 1940 मध्ये अडीच हजार जणांना पोलंडला नेलं. 1941 च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रियातल्या 5,007 जणांना पोलंडमधल्या वुच शहरातल्या ज्यूंच्या वस्तीत कोंबलं. त्यात निम्म्याहून जास्त मुलं, आणि त्यातलं कुणीही परत आलं नाही. बिर्केनाउमध्ये या लोकांसाठी वेगळा विभाग होता, कुटुंबं एकत्र ठेवलेली. सुमारे 23,000 माणसं तिथे आणली, त्यातली 19 ते 21 हजार मेली. भुकेनं, टायफसनं, मुलांवरच्या प्रयोगांनी. 1944 च्या मेमध्ये तो विभाग रिकामा करायला सैनिक आले तेव्हा आतल्यांनी फावडी, दगड घेऊन दारं लावून घेतली, असं वाचलेल्यांनी सांगितलं. तपशिलाबद्दल इतिहासकारांत हल्ली वाद आहेत. पण तो दिवस, 16 मे, रोमा लोक प्रतिकाराचा दिवस म्हणून पाळतात.

आणि मग आजची तारीख. 2 ऑगस्ट 1944. संध्याकाळी कामाला चालतील अशा सुमारे 1,400 जणांना गाडीत घालून बुखेनवाल्डच्या छावणीत धाडलं. मागे राहिली म्हातारी माणसं, आजारी, बाया आणि मुलं. सुमारे 4,300. रात्री ट्रक आले. सकाळी तो विभाग रिकामा होता. सेट्टेला आणि तिची आई त्याच दिवसांत गेल्या.

माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. युद्ध संपलं. ज्यूंच्या छळाला गुन्हा म्हणायला जर्मनी शिकत होती. सिंती-रोमा नुकसानभरपाई मागायला गेले तर समोर कोण? तोच पोलिस, तीच फाइल. 1956 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी-फौजदारी न्यायालयानं निकाल दिला की 1943 च्या आधी यांना जे भोगावं लागलं ते वंशामुळे नव्हे, त्यांच्या समाजविघातक सवयींमुळे. पोलिसांची ती खबरदारी होती. निकालात त्यांच्या चोरीच्या 'प्रवृत्ती'बद्दलही लिहिलं आहे. 2015 मध्ये त्याच न्यायालयाच्या अध्यक्षांनी जाहीरपणे म्हटलं की या निकालाची लाजच वाटू शकते. मधली साठ वर्षं मोजा. ज्यांना पैसे मिळायचे होते त्यांचं वय मोजा.

आणि यादी? यादी चालूच होती. बव्हेरियाच्या पोलिसांत युद्धानंतरही या लोकांसाठी वेगळा कक्ष होता, फक्त नाव बदललं, 'भटके' असं केलं. 1980 च्या ईस्टरला दाखाउच्या जुन्या छावणीत बारा जण उपोषणाला बसले. बहुतेक सिंती, त्यातले काही स्वतः छावण्यांतून वाचलेले, म्हातारे. त्यांच्यात होते रोमानी रोझे, सिंती कार्यकर्ते. नाझींनी यांच्या कुटुंबातली तेरा माणसं मारली. त्यांनी पैसे मागितले नव्हते. मागणी अशी होती की आमच्यावरच्या त्या जुन्या फायली कुठे आहेत ते सांगा, आणि आमची वेगळी नोंद ठेवणं बंद करा. उत्तर आलं, फायली नष्ट केल्या.

रिटरच्या संस्थेच्या कागदांचं काय झालं ते मात्र पुढच्याच वर्षी कळलं. ट्युबिंगन विद्यापीठाच्या तळघरात होते. रिटरबरोबर काम केलेल्या एक बाई पुढे तिथेच प्राध्यापक झाल्या होत्या, आणि सिंतींच्या आईबापांच्या कवट्यांची मापं शास्त्राची सामग्री म्हणून अजून वापरली जात होती. 1 सप्टेंबर 1981 ला सिंती तिथे गेले आणि तळघर अडवून बसले. कागद हलवेपर्यंत उठले नाहीत. त्याच दिवशी ते राष्ट्रीय अभिलेखागारात गेले. अहो, विचार करा, कुणाला तरी त्या खोक्यात आपल्या आईचा फोटो सापडला असेल, समोरून एक, बाजूनं एक.

1982 च्या मार्चमध्ये चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांनी पहिल्यांदा सरकारतर्फे म्हटलं की हा वंशसंहार होता. स्मारक व्हायला आणखी तीस वर्षं लागली. 2012 मध्ये बर्लिनच्या संसदेशेजारी ते उभं राहिलं. मी पाहिलंय. गोल, काळंभोर पाण्याचं तळं. मधोमध त्रिकोणी दगड आणि त्यावर एक फूल. दगड रोज पाण्याखाली जातो आणि ताजं फूल घेऊन वर येतो. मी गेले त्या दिवशी वाऱ्यानं फूल घरंगळून पाण्यात पडलं होतं आणि शाळेच्या सहलीतली एक मुलगी शिक्षिकेला विचारत होती, आता काय करायचं?

आता आजच्या द्वेषाबद्दल. हंगेरीत 2009 च्या फेब्रुवारीत टाटारसेंटग्योर्ग्य या खेड्यात एका रोमा कुटुंबाच्या घराला आग लावली आणि पळणाऱ्या बाप-लेकाला गोळ्या घातल्या. लेक जेमतेम चार-पाच वर्षांचा. आधी सांगितलं गेलं, विजेच्या तारांनी आग लागली. वर्ष-सव्वा वर्षात त्याच टोळीनं एकूण सहा रोमा मारले. जर्मनीत म्युनिकला 2016 मध्ये नऊ जण मारले गेले, हानाउला 2020 मध्ये नऊ. दोन्हीकडे त्यात सिंती-रोमा होते. म्युनिकच्या हल्ल्याला वंशद्वेष म्हणायला तपासयंत्रणेला तीन वर्षं लागली.

पण बंदुकीचा द्वेष ओळखू येतो. मला भीती वाटते ती नेटक्या अक्षरातल्याची. 2008 मध्ये इटलीत 'भटक्यांची आणीबाणी' जाहीर करून वस्त्यांतल्या लोकांचे ठसे घेतले, मुलांचेसुद्धा. 2013 मध्ये स्वीडनच्या दक्षिणेत पोलिसांकडे एक नोंदवही सापडली. चार हजारांहून जास्त नावं, सगळी रोमा, हजाराहून जास्त मुलं, आणि कोण कुणाचा कोण हे दाखवणारी वंशावळ. स्वीडन बरं का! समतेचं माहेरघर. न्यायालयात ते टिकलं नाही, भरपाई द्यावी लागली. पण यादी ठेवणाऱ्यांना ती ठेवताना चुकल्यासारखं वाटलंच नव्हतं. आमच्या बाईंनाही वाटलं नव्हतं.

एका गृहस्थांनी चिठ्ठी पाठवलीय, 'मॅडम, पण त्यांच्यात चोऱ्या होतात हेही खरं ना?' बरं झालं विचारलंत. चोरी कुणात होत नाही? फरक एवढाच की तुमच्या जातीतल्या कुणी पतपेढी बुडवली तर वर्तमानपत्रात त्याचं नाव येतं. पारध्यानं कोंबडी चोरली तर मथळ्यात जमात येते. जर्मनीतल्या सिंती-रोमांनी वर्तमानपत्रांशी याच एका गोष्टीवर वर्षानुवर्षं भांडण केलं. माणसाचं नाव छापा, समाजाचं छापू नका. आपल्याकडे तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्त जमातींना सराईत समजणारी कलमं होती, ती सर्वोच्च न्यायालयानं रद्दबातल केली ऑक्टोबर 2024 मध्ये. गुन्हेगार जमाती कायदा जाऊन बहात्तर वर्षं झाली होती. तुम्ही उद्याचा पेपर उघडा आणि मथळा वाचा, एवढंच माझं मागणं आहे. दुकानात, सोसायटीत, वर्गात पहिलं दप्तर कुणाचं उघडलं जातं ते बघा, आणि तिथे तोंड उघडा. मी शेजारी बसून उघडलं नव्हतं.

आता तो फोटो. त्याच 19 मेच्या गाडीची आणखी एक गोष्ट आहे. झोनी वाइस नावाचा सात वर्षांचा सिंती मुलगा मावशीबरोबर मागे राहिला होता, त्यांना नंतर पकडून आसेन स्टेशनवर आणलं, या गाडीत चढवायला. गाडी आली. पत्र्याच्या-लाकडाच्या डब्यांच्या रांगेत त्याला एका खिडकीच्या गजांपाशी निळा कोट दिसला, बहिणीचा. वडिलांनी तो मुद्दाम लावला होता, कळावं म्हणून. एका डच पोलिसानं हळूच सांगून ठेवलं होतं, मी टोपी काढली की पळा. त्यानं टोपी काढली आणि ते पलीकडच्या गाडीत चढले. गाडी सुटताना वडील आतून मावशीला ओरडून सांगत होते, माझ्या पोराला सांभाळ. झोनी वाइस मोठे होऊन फुलं सजवणारे झाले, नेदरलँड्सच्या युवराजांच्या लग्नात फुलांची सजावट त्यांची होती. 2011 मध्ये ते जर्मनीच्या संसदेत बोलले तेव्हा म्हणाले की डोळे मिटले की त्या कोटाचा मऊपणा अजून हाताला जाणवतो.

त्या दिवशी गाडीत 245 सिंती-रोमा होते. परत आले जेमतेम तीस. पत्रकार वाखेनार आधी ज्यूंच्या कागदांत शोधत राहिला. मग डब्याचा नंबर, डब्याचा रंग, तारीख असं करत त्याच्या ध्यानात आलं की या गाडीत नुसते ज्यू नव्हते. 1994 च्या फेब्रुवारीत तो एका कॅरव्हॅन वस्तीत एका म्हाताऱ्या बाईंपर्यंत पोचला. त्या परतलेल्यांपैकी होत्या. त्यानं हा फोटो समोर धरला.

बाई त्याच डब्यात होत्या, दाराजवळच. त्यांनी मुलीला लगेच ओळखलं. केस छावणीत भादरले होते, म्हणून चादरीचा तुकडा फाडून डोक्याला बांधला होता, हेही त्यांनीच सांगितलं. आणि नाव त्यांच्या लक्षात राहिलं होतं, कारण दार लागायच्या आधी तिची आई आतून तिला हाक मारत होती. सेट्टेला, डोकं आत घे.